हिरव्या काचेचा दिवा

१ नोव्हेंबर

प्रिय गेरार्ड,

तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, क्षमा कर. मी तुझ्यावर रागावले होते की बाबांना भीत होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मातीच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी आपल्या निळ्या संघाच्या पहिल्या बिनब्रेकच्या मोटारसायकली बाबांनीच जुळवल्या. सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे आजच्या कबरींवर दिवे लावायच्या सणाला, ते संघाच्या प्रत्येक दिवंगत स्वाराच्या कबरीवर निळा दिवा लावतात. फक्त तुझी कबर वगळतात, कारण तू नदीपलीकडच्या हिरव्यांकडे गेलास आणि त्यांच्याच जर्सीत पहिल्या वळणावर पडून जीव गमावलास.

आज दुकानात त्यांनी हिरवा दिवा मागितला. रांगेतून म्हातारा हुबर्ट ओरडला, "काय मिस्त्री, डोळे गेले का?"

"पोरगा गेला," बाबा म्हणाले.

तुझ्या कबरीपाशी त्यांचे हात इतके थरथरले, की एकही काडी पेटेना. मी पेटी मागितली, तर म्हणाले, "राहू दे गं. एवढं तरी मला करू दे." अंधार पडल्यावर दिवा तसाच ठेवून आम्ही परतलो.

तुझी बहीण,
उर्सुला

उद्या: लांब काड्यांची पेटी घेऊन बाबांना पुन्हा न्यायचं.