यीस्टची बाटली माझ्याकडे आहे

टिकले,

तळ्यावरून आलीस की आधी खाली बस. हलवायचं मशीन बंद आहे आणि तुझी लाल यीस्टची बाटली जागेवर नाही, कारण ती मी घेऊन गेलेय.

तू गेलीस आणि लाइट गेली. हलायचं थांबलं की यीस्ट गुदमरतं, रंग धरत नाही, आणि ते खाऊन कोळंब्या फिक्या त्या फिक्याच राहतात, हे तूच सांगितलंस ना? मग मी बाटली हातात घेऊन डुलवत बसले. एखादं बाळ केव्हाच झोपलं असतं. शेवटी खांदा भरून आला. तेव्हा आपल्या स्टॉपवरची बस आठवली. त्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलल्याशिवाय राहत नाही. बाटली मांडीवर घेऊन शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते आणि त्याच बसने परत येते. कंडक्टरने विचारलंच तर राणीसाहेबांचं औषध म्हणेन.

वाघाला छत्रीने हाकललं म्हणून तुला सांगायचे, ती माझी थाप होती. बसने जातेय, ही थाप नाही.

तरी जीव धाकधूक करतोय. म्हणून विरजण काढतात तसं चमचाभर यीस्ट उकळलेल्या बरणीत काढून फ्रीजच्या उरलेल्या गारव्यात ठेवलंय. झाकण उघडून बघू नकोस. मागच्या वेळी रंग गेला तेव्हा तू अन्नाला शिवली नाहीस, ते मला पुन्हा बघवणार नाही. ताट झाकून ठेवलंय.

जेव आणि स्टॉपवर ये. उतरताना मला धरावं लागेल, माझे दोन्ही हात बाटलीला असतील.

आजी