परतीचं तिकीट

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाय सुजलेत. आमच्या इवल्याशा बेटावर लंडनचं विमान, अडीचशे माणसं आणि पासपोर्ट तपासायला परदेशी पाहुण्यांसाठी माझी एकच खिडकी सुरू. पासपोर्ट, फॉर्म, राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट. पासपोर्ट, फॉर्म... तोंडाला फेस यायचा बाकी होता!

एका बेल्जियन पोराकडे परतीचं तिकीट नाही. "मन रमलं तर राहीन," म्हणे. म्हटलं, "खुशाल रमव, पण आधी तिकीट काढ." बाजूला बसवला. पलीकडे कस्टम्समधल्या क्लीटसने एका जर्मन आजोबांची लष्करी छापाची टोपी काढून घेतली. आजोबा लालबुंद! "या बेटावर असले कपडे सैनिकाशिवाय कुणी घालायचे नाहीत, असा कायदा आहे, बाबा," क्लीटस शंभराव्यांदा सांगतोय. निघण्याआधी नियमांचं एक पान वाचायला काय होतं यांना?

घरी आले. आईने उशीवरून मान वळवली. "लूशियस आला?"

"नाही गं."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, आई ईस्टर बघेल असं काही धरून चालू नका.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लूशियस — माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून इंग्लंडला गेला. परतीचं तिकीट खिशात होतं, ते वापरलंच नाही. तिथे राहण्याचे कागद आजतागायत झाले नाहीत. बायको तिथली, लेक तिथली — केझाया, चौदाची. आता इकडे आला तर तिकडे पुन्हा आत घेणार नाहीत. तिथेही माझ्यासारखीच कुणी बाई खिडकीत बसलेली असणार, तीच नाही म्हणेल. तिचं तरी काय चुकलं?

आईला यातलं काही माहीत नाही. "कामातून सवड नाही त्याला," हे मी सोळा वर्षं सांगतेय. आता माझाच विश्वास बसायला लागलाय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

त्याला फोन केला. डॉक्टरांचं सांगितलं. त्याने दोनदा पुन्हा विचारून घेतलं. मग, "ताई, येऊ का?"

"अजिबात नको. पोरीचा विचार कर."

"आई विचारते माझं?"

"झोपूनच असते रे."

धडधडीत खोटं! रोज विचारते. फोन ठेवला आणि चुलीपाशी उभ्या उभ्या रडले.

रविवार, ९ फेब्रुवारी

आईने कोकोचा एक घोट घेतला, बस. "त्याच्यासाठी नीरफणस भाजून ठेव." ठेवला. संध्याकाळी मीच खाल्ला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

थकले. कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आई आज एकदम म्हणाली, "साऱ्या गोऱ्यांना आत सोडतेस. माझ्या लेकालाच तेवढं अडवलंस होय गं?"

तापात बोलली असेल. पण मी त्याला येऊ नको म्हटलं, ते तिला कसं कळलं? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एकाच्या पासपोर्टवर दोनदा शिक्का मारला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज घरी आले तेव्हा आईने "लूशियस आला?" असं विचारलं नाही. गरजच पडली नाही.

दुपारचं विमान. माझ्या खिडकीत एक सावळी मुलगी, गळ्यात हेडफोन, हातात ब्रिटिश पासपोर्ट. नाव वाचलं — केझाया. आडनाव — हिप्पोलाइट. आमचं! पत्त्याच्या रकान्यात: लाबोरी, चर्चच्या मागे. आमचंच घर! मुक्काम: नऊ दिवस, शाळेची सुट्टी.

"परतीचं तिकीट?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

तिने पुढे केलं. एकच होतं.

"आणि बाबांचं?"

"बाबा म्हणाले, इथल्या माणसाला परतीचं तिकीट लागत नाही."

मान वर केली. पलीकडे, आमच्या लोकांच्या रांगेत लूशियस उभा होता. केस पिकलेत. माझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती त्याची.

मी पोरीच्या पासपोर्टवर शिक्का मारला. नऊ दिवस.