भोंगा वाजला की ओव्हन बंद

वॉशिंग्टन
७ जानेवारी १९४१

ती. हुल्डाआत्यास लोरेनाचा सा. न. वि. वि.

तुझा मसाल्याच्या केकचा डबा पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा आपल्या गावाचे वकील ऑर्कटसाहेब यांनी, आणि वर विचारलं की आत्या अजून कधी पाठवणार!

केंद्र सरकारच्या आयोगापुढे आपल्या कूपर्स रनची सुनावणी सुरू झाली. मी साहेबांशेजारी बसून शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवते. नवी कंपनी पार कॅन्ससहून आपल्या गावापर्यंत गॅसचा नळ आणायला तयार आहे. पण जिथे आधीच एक कंपनी गॅस देते, तिथे दुसरीला शिरायचं तर केंद्राचा परवाना लागतो. साहजिकच जुनी कंपनी आडवी पडली आहे. तिच्या वकिलाने गावाच्या वेशीवरच्या गॅसच्या दाबाचा तक्ता उलगडला. रेघ कशी, पट्टीने आखल्यासारखी! तो म्हणाला की तिथे कधी कुणाची शेगडी विझली नाही, एक तक्रार नाही, मग हा दुसरा नळ हवाच कशाला?

आत्या, हसावं की रडावं कळेना. अगं, विझणार कशी? आपण आधीच बंद करतो ना! चिनीमातीच्या कारखान्याची भट्टी भरात आली की भोंगा दोनदा वाजतो आणि गावातल्या झाडून सगळ्या बायका ओव्हन बंद करून भट्टीला गॅस सोडतात. मला तर लहानपणी वाटायचं, साऱ्या जगात असंच चालतं. हे साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी अर्ज केला आणि आयोग आपला इंजिनिअर तिकडे धाडतो आहे. तो १६ तारखेला येईल. तुम्ही नाटक अजिबात करू नका. फक्त भोंगा वाजला तरी ओव्हन चालू ठेवा.

परवाना मिळाला नाही तर पर्सेलशेठ उन्हाळ्यात भांड्यांचा कारखाना नदीपलीकडे हलवणार, हे खरं का? एमिलकाकांना या वयात दुसरीकडे भट्टीवर कोण उभं करणार, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी, लोरेना

कूपर्स रन, ओहायो
१६ जानेवारी

चि. लोरेनास अनेक आशीर्वाद.

पोरी, घात झाला. तो इंजिनिअर आला. लिंडक्विस्ट नाव, अंगाने वाळलेली काटकी. बायकोने स्वयंपाक शिकायचं मनावर घेतलं नसावं. मी त्याला माझ्याच स्वयंपाकघरात बसवलं, म्हटलं बघ बाबा डोळ्यांनी. शेगडीच्या नळीला त्याने आपलं घड्याळासारखं यंत्र लावलं. मी कॉफी ठेवली, केक ओव्हनमध्ये घातला. भोंगा वाजला. मी घट्ट मनाने ओव्हन चालू ठेवला. आणि काय सांगू, ज्योत इवलीशीसुद्धा हलली नाही! असा फुगलेला केक लग्न झाल्यापासून माझ्या हातून झाला नव्हता.

नंतर कळलं. आपल्या बायकांनी भोंग्याची वाटच पाहिली नाही. हुल्डाकडे वॉशिंग्टनचा पाहुणा आलाय, त्याच्यासमोर तिचा केक बसला तर गावाची अब्रू जाईल, म्हणून सकाळपासूनच साऱ्या आळीने शेगड्या बंद ठेवल्या. एथेल प्रॉसरने तर नवऱ्याला थंड बीन्स खायला घातले आणि मला फोन करून वर अभिमानाने सांगितलं! मी तिला काय काय बोलले ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. आणि तो काटकी केकचे तीन तुकडे खाऊन म्हणतो कसा, मॅडम, तुमच्याकडे गॅस उत्तम आहे.

तुझे काका जेवले नाहीत. नुसते म्हणाले की चांगुलपणानेच आपण बुडणार. मला रडू आवरेना. चाळीस वर्षं त्या माणसाने भट्टीची आच नुसत्या डोळ्यांनी ओळखली, आणि त्याची रोजीरोटी माझ्या केकने घालवावी?

तो पुढच्या शनिवारपर्यंत हॉटेलात आहे. काय करू ते लगोलग कळव.

तुझी करंटी आत्या, हुल्डा

वॉशिंग्टन
१९ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर कूपर्स रनने!

पण करंटी वगैरे लिहू नकोस. साहेबांचा निरोप असा की लपवाछपवी नको. लिंडक्विस्टना समोर बसवून भोंग्याची सारी हकीकत सांग, गुरुवारी काय झालं तेही सांग. मग शनिवारी, सगळ्यांच्या पाव भाजायच्या दिवशी, त्यांना पुन्हा मोजू दे. फक्त एक गोष्ट मला छळते आहे. बायकांनी ओव्हन चालू ठेवले तर भट्टीत असलेला माल जाईल. काकांना विचारल्याशिवाय काही करू नकोस.

तुमच्या काळजीत असलेली, लोरेना

कूपर्स रन
२८ जानेवारी

चि. लोरेनास पोटभर आशीर्वाद!

पोरी, जिंकलो गं! सगळं क्रमाने सांगते, मध्ये उड्या मारून शेवट वाचू नकोस.

लिंडक्विस्टला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं की म्हणजे माझ्यासाठी बायकांनी नवऱ्यांना उपाशी ठेवलं? मी म्हटलं, उपाशी नाही, थंड बीन्स. तुझ्या काकांना विचारलं तर ते सरळ पर्सेलशेठकडे गेले आणि म्हणाले की एका भट्टीचा माल गेला तर चालेल, कारखाना जाता कामा नये. शेठनीही मान हलवली. भट्टीत होते हॉटेलवाल्यांचे पांढरे कप. तुझ्या काकांनी एकेक कप आपल्या हाताने आत रचला, वाया जाणार हे ठाऊक असून.

मग मी फोनवर बसले. आपल्या साऱ्या आळीची लाइन एकच, एकीला सांगितलं की सगळ्या ऐकतात, एवढा तरी त्या चोरून ऐकण्याचा उपयोग झाला. ज्योत गेली की लगेच गॅसचा खटका बंद करायचा, हेही दहादा बजावलं, नाहीतर घर उडायचं.

शनिवारी भोंगा दोनदा वाजला. लोरेना, सवय किती वाईट! माझा हात आपोआप खटक्याकडे गेला. मी दोन्ही हात अंगाखाली दाबून खुर्चीवर बसले, देवाशप्पथ. लिंडक्विस्टने यंत्रावरून डोळे काढले नाहीत. काटा उतरत गेला. ज्योत फिकी झाली, बुटकी झाली, आणि गेली. माझा केक ताटलीसारखा सपाट. मी टाळ्या वाजवल्या! शेजारून आरोळ्या ऐकू आल्या, माझा पाव बसला, माझाही बसला! उभ्या जन्मात कच्च्या पावाचा कुणाला इतका आनंद झाला नसेल. एथेलने धीर न धरवून मध्येच ओव्हन बंद केला होता, तिच्या जावेने तिला लाइनवरच झापून पुन्हा पेटवायला लावला.

लिंडक्विस्ट तसाच कारखान्यात धावला आणि भट्टी उघडेपर्यंत त्याने मुक्काम वाढवला. भट्टी निवल्यावर काल संध्याकाळी उघडली. आच कमी पडून कपांवर बेडकाच्या पाठीसारखे फोड. तुझ्या काकांनी एक कप उचलून फोडांवरून अंगठा फिरवला, मग तो लिंडक्विस्टला दिला.

आता पुढचं तुमच्या हाती. पत्र टाकत जा, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी आत्या

वॉशिंग्टन
२० मार्च

ती. आत्यास आणि ती. एमिलकाकांस सा. न.

परवाना मिळाला! मिळाला, मिळाला! तार केली होतीच, पण तारेत दोन शब्दांपुढे ओरडता येत नाही.

शेवटच्या दिवशी जुन्या कंपनीच्या वकिलाने पुन्हा तोच सूर लावला की इतक्या वर्षांत गावातून एक तक्रार आली नाही. लिंडक्विस्ट साक्षीला उभे होते. त्यांनी खिशातून काकांचा कप काढून टेबलावर ठेवला. वकिलाने तो उलटासुलटा करून विचारलं की हे काय आहे? लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाले की ही तुम्हाला न आलेली तक्रार आहे. आत्या, माझी पेन्सिल मोडली! पण वाक्य उतरवलं.

आयोगाने निकालात म्हटलं आहे की शेजारधर्माने झाकलेली टंचाई ही टंचाईच असते. साहेबांनी तुझ्यासाठी मोठ्ठा नमस्कार आणि केकची मागणी पाठवली आहे. फुगलेला हवा, असं बजावलं आहे.

तुमची, आज जमिनीवर पाय न ठरणारी, लोरेना

कूपर्स रन
९ नोव्हेंबर

चि. लोरेनास आशीर्वाद.

काल शनिवारी नव्या नळाचा गॅस आला. जुन्या कंपनीचा माणूसही हल्ली दारात येऊन टोपी काढतो आणि दाब ठीक आहे ना विचारतो. दोन दुकानं झाली की दुकानदाराला वाचा फुटते बघ.

भट्टी भरली होती, आळीत सगळ्यांचे पाव ओव्हनमध्ये होते. पर्सेलशेठनी मुद्दाम भोंगा दोनदा वाजवला. माझा हात खटक्यावर गेला आणि तिथेच राहिला. ज्योत ताठ. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसत होतं, तिथे तुझे काका उभे असणार.

तेवढ्यात एथेलचा फोन. घाबऱ्याघुबऱ्या विचारत होती की भोंगा झाला, बंद करू का? मी तिला सांगितलं की नको गं बाई, आता कधीच नको. मग लाइनवर हळूहळू रडण्याचा आवाज यायला लागला, आणि तो एकट्या एथेलचा नव्हता.

केक पाठवते आहे. साहेबांना द्यायच्या आधी नीट बघ, किती फुगलाय.

तुझी आत्या, हुल्डा