प्रत्येक चित्रातला काळा डाग

प्रिय ठोंब्या,

माझा फोन उचलायचा नाही अशी शपथ घेतली आहेस, निदान हे पत्र तरी फाडू नकोस. आई कोणाकडे राहणार यावरून आपण भांडलो, तू जिंकलास, मी रुसले, ते सगळं तूर्त बाजूला ठेव.

तुमच्या कोळशाच्या आवारातला उष्णता पाहणारा कॅमेरा फिरत फिरत माझ्याच टेबलावर दुरुस्तीला आला. तक्रार तुझीच, कुठेही धरला तरी मधोमध काळा डाग दिसतो. रेडिओत खरखर असते ना, तशी या कॅमेऱ्याच्या डोळ्यातही स्वतःची खरखर असते. म्हणून अधूनमधून त्याच्यासमोर झाकण धरायचं. त्या वेळी जे दिसेल ती आपलीच खरखर असं समजून तो पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करतो. बिचारा सांगू ते ऐकतो, अगदी तुझ्या उलट. पण डब्यात झाकण नव्हतंच. तू हरवलं असणार.

मी बरीच चित्रं एकावर एक ठेवून सरासरी काढली. येणारी-जाणारी खरखर विरली, डाग मात्र ठसठशीत झाला. त्यावर उजळ गजांची ओळ उमटली, त्यातला एक वाकलेला. मला हसू आलं. लहानपणी आईच्या खाटेच्या त्या गजाला लटकून तो तू वाकवलास आणि मार मी खाल्ला. म्हणजे झाकणाऐवजी तू आईच्या खाटेमागची भिंत दाखवलीस. तुला वाटलं, कोरी भिंत, काम भागलं. मग माझं हसू गेलं.

परवा आईने शेजारणीच्या फोनवरून फोन केला होता. खुशीत होती. एवढ्या थंडीत गुडघे दुखत नाहीत म्हणाली, खाट भिंतीला चिकटवली आहे, पाठीला छान ऊब लागते. तुझ्याकडे अशी भिंत कुठली, असा टोमणाही मला मारला. मला वाटलं, पलीकडे कुणाची चूल असेल. आता आठवतंय, पलीकडे तुमचा कोळशाचा ढीग आहे.

चित्रात जिथे काळं दिसतंय, तिथे ती भिंत तापलेली आहे; तिची ऊब कॅमेरा प्रत्येक चित्रातून वजा करतो, म्हणून डाग काळा आणि पुढचे गार गज उजळ. ढीग आतून धुमसतो आहे, आणि ती धग म्हणजे तुझी स्वतःचीच खरखर असं तू कॅमेऱ्याला शिकवलंस, म्हणून त्या भिंतीसमोर तो सगळं ठीक आहे म्हणाला. बंबवाल्यांना कळवलं. धूर दिसतो का विचारलं, नाही म्हटल्यावर उद्या बघू म्हणाले. शेजारणीचा फोन सकाळपासून लागत नाही. हे पत्र मोटरसायकलवाल्याच्या हाती देते आहे, मागोमाग मी मिळेल त्या बसने निघते. मला फार भीती वाटते आहे रे. भिंतीला हात लावून बघत बसू नकोस, आईला उचल आणि बाहेर पड. ती ऐकायची नाही, आत्ता कुठे पाठ शेकली जातेय म्हणेल. भांडलास तरी चालेल, पण तिथे झोपू देऊ नकोस.

तुझीच,
ताई