शकुनाचं झबलं

२ नोव्हेंबर

उमरेडला सकाळचं पहिलं काम ठरलेलं असायचं, चुलीवर पाण्याने भरलेला मोठा गंज चढवायचा. ह्यांचा खाणीतला शर्ट त्यात टाकला की पाणी काळंकुट्ट व्हायचं. मी दांड्याने ढवळत बसायचे आणि हे मागे उभं राहून, शर्ट शिजला का गं, असं विचारायचे. अशाच एका साध्या सकाळी शर्ट तारेवर वाळत राहिला आणि हे खाणीतून परत आले नाहीत.

तो शर्ट आज शहरातल्या नंदनवन वस्तीत, नव्या खोलीत खुंटीला लावला. मग चहा ठेवला. खोली लहान आहे, पण मागे अंगण आहे, चूल मांडता येईल. गंजही सोबत आणलाय.

उद्यापासून जवळच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून लागते. माझ्या रोशनीचे दिवस भरत आलेत आणि तिच्या सासूने तिचं नाव तिथेच घातलंय. बाळंतीण होऊन ती माझ्याकडेच येणार. फार दिवसांनी आज भांडी लावताना गुणगुणले.

४ नोव्हेंबर

दवाखाना चकचकीत आहे. जिन्याच्या भिंतीवर बाळांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत बाळ अरुंधती मॅडमच्या मांडीवर. मॅडम म्हणजे डॉक्टर श्रीधरांची बायको, सगळा कारभार त्यांचाच. सगळ्या बाळांच्या अंगात एकच झबलं, पिवळं, गळ्याला लाल गोट.

दवाखाना नवा असताना अपुऱ्या दिवसांचं, मुठीएवढं एक बाळ इथे जगलं, त्याचं ते झबलं. आपल्यात तान्ह्याला पहिलं कापड जुनं घालतात, दुसऱ्या धडधाकट मुलाचं. मॅडमने त्या रीतीची जाहिरात केली. इथे जन्मलेलं प्रत्येक बाळ ते एकदा घालतं, फोटो निघतो, झबलं परत काचेच्या कपाटात. धुवायचं नाही. धुतलं तर शकुन जातो म्हणे. डॉक्टर परदेशात शिकून आलेत, तेही कपाटाला हात जोडतात. हात धुवायला मात्र त्यांना वेळ नसतो.

मला पहिल्याच दिवशी बजावलं की त्या कपाटाला शिवायचं नाही, मी विधवा. बाळांचं गूमूत काढायला माझे हात चालतात. दुसरी आया अंजनाबाई हसली. म्हणाली, "मले चालते वं, माहा नवरा जिता आहे नं! दारू पिऊन नालीत पडून राहते, पन जिता आहे!"

११ नोव्हेंबर

बाळं आजारी पडताहेत. आधी दूध सोडतात, मग अंग गार पडतं. रडतसुद्धा नाहीत.

डॉक्टर नूपुर म्हणून एक तरुण पोरगी आहे, बाळांची डॉक्टर. माझ्या हातात पुस्तक पाहून ती माझ्याशी नीट बोलते. तिने सांगितलं की तान्ह्यांच्या रक्तात जंतू शिरतात. पूर्वी पहिल्या एकदोन दिवसांतलं दुखणं बहुतेक आईकडून यायचं आणि दवाखान्यातले जंतू नंतर गाठायचे. आता दवाखान्यातलेच जंतू पहिल्या दिवशी गाठतात आणि भारी औषधांनाही दाद देत नाहीत. म्हणून हात धुवा, एकाची वस्तू दुसऱ्याला लावू नका, असं ती घसा कोरडा करून सांगते. डॉक्टरसाहेब जांभई देतात.

बाळ फारच गार पडलं की मॅडम गाडी बोलावून त्याला मोठ्या दवाखान्यात धाडतात. तिथे ते मेलं तर तिथलं मेलं. आमच्या पाटीवर कायम लिहिलेलं असतं की इथे एकही बाळ दगावलेलं नाही. ही यांची विद्या.

१६ नोव्हेंबर

जिना पुसताना आज फोटो निरखून पाहिले. सगळ्यात जुन्या फोटोत झबलं वीतभर आहे. पुढे पुढे मोठं होत गेलंय. आता पूर्ण दिवसांच्या, गुबगुबीत बाळाच्याही बाह्या मनगटाखाली लोंबतात.

अंजनाबाईला दाखवलं. ती म्हणाली, सुती कापड आहे, सैल होते. सैल झालं असतं तर आधी गळा फाकला असता. झबलं सगळीकडून सारखं वाढलंय. पोर वाढतं तसं.

परवा एका बाळाला गाडीतून धाडलं. आज कपाटात बाही खालच्या फळीला टेकली आहे. परवा टेकत नव्हती.

२० नोव्हेंबर

नूपुरने नळ, टेबलं, आमचे हात, सगळ्यांवर कापसाचे बोळे फिरवून तपासायला पाठवले. कपाट उघडायला गेली तर मॅडम कडाडल्या, शकुनाच्या वस्तूला बोळे लावता, लाज नाही वाटत? डॉक्टरसाहेब मोबाइलमध्ये बघत राहिले. नूपुर म्हणाली, बाळं मरून राहिली सर. त्यावर ते म्हणाले, इथे नाही.

दुपारी नूपुरला काढून टाकलं.

२४ नोव्हेंबर

कपाटाची काच आतून धूसर झालीय. पुसली, बाहेरून पुसून काय होणार. आत वाफ आहे, जशी तोंडाजवळ धरलेल्या आरशावर येते.

अंजनाबाईने आज झबलं चढवलं आणि चटकन हात मागे घेतला. गरम आहे म्हणाली. मग जेवलीच नाही. आंबलेल्या दुधाचा वास तिच्या हाताला येत होता.

आणखी एक बाळ गाडीत गेलं. झबल्याची छाती हलते. वर, खाली. पंखा बंद होता, मी स्वतः बंद केला होता.

२६ नोव्हेंबर

अंजनाबाई आली नाही. तिने निरोप धाडला की आता येणार नाही, आणि मीही जाऊ नये. मी कशी सोडू? रोशनी —

रोशनीच्या सासूला भेटून आले. हात जोडले, दुसरीकडे न्या म्हटलं. ती म्हणाली, "काहून वं विहीणबाई, पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलं काय? फोटो तर पाहिजेच. धरमपेठेतल्या मोठ्या घरच्या बायाही इथंच येतात." लोकांना फोटो पाहिजे. बाळ नसलं तरी चालेल.

२८ नोव्हेंबर

मुलगी झाली. दुपारी. खणखणीत रडली.

मॅडमने कपाट उघडलं. मला दाराबाहेर उभं केलं होतं. झबलं त्यांच्या हातावर पसरलं आणि बाही — कोणी ओढली नाही — बाही माझ्या नातीकडे वळली.

मी आत गेले. सगळ्यांसमोर ते झबलं ओढून छातीशी धरलं. ओलं, गरम. म्हटलं, विधवेने शिवलं, आता घाला कोणाला घालायचं ते. रोशनीची सासू किंचाळली, बाटवलं, माझ्या नातीला हे लावू नका. मॅडम मागे सरकल्या. हात लावेनात. तुझं तूच ने ही घाण, म्हणाल्या, आणि मला कामावरून काढलं.

परदेशातली विद्या हरली. माझं फुटकं कपाळ कामाला आलं.

२९ नोव्हेंबर

नात दूध पिते, अंग ऊबदार आहे. उद्या संध्याकाळी दोघी इथे येणार.

झबलं पिशवीत घालून गाठ मारली होती. बाजारातून आले तर गाठ सुटलेली. झबलं खुंटीवर, ह्यांच्या शर्टाच्या कुशीत. त्याच्या बाह्या आता शर्टाच्या कोपरापर्यंत — इतक्यात एवढं —

पेटवून पाहिलं. काडी विझते. ओलं आहे, आणि आता हुंकारतं —

पाळणा आणून ठेवलाय कोपऱ्यात. झबल्याचं तोंड तिकडेच. तोंड कसलं, गळा. पण तिकडेच.

३० नोव्हेंबर

सकाळी उठून अंगणात चूल पेटवली. गंज चढवला. पाण्याला उकळी फुटल्यावर झबलं आत टाकलं, दांड्याने दाबलं, झाकण ठेवलं आणि झाकणावर पाटा ठेवून स्वतः वर हात दाबून बसले. एका हाताने हे लिहिते आहे. पाणी काळं होऊन काठावरून उतू जातंय. आतून पाटा वर