झाकणावरची फुली

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ओळ पास झाली!

नऊ वाजताच गुंजाळ सरांचा फोन. (डेअरीचे मार्केटिंग मॅनेजर. इथून पुढे नुसतं गुं.) "मॅडम, संचालकांना लई आवडली. नव्या पिशवीवर तुमचीच ओळ जाणार."

'कुणाचाही हात न लागलेलं दूध.'

पाच शब्द. संगमनेरच्या अर्ध्या घरांत रोज सकाळी माझे पाच शब्द कात्रीने कापले जाणार. नऊ वर्षं या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लोकांच्या जाहिराती लिहितेय. बोअरवाल्याची रिक्षातली घोषणा, दातांच्या डॉक्टरचं पत्रक, बस्त्याच्या दुकानाचा फ्लेक्स, कुणाच्या वडिलांच्या दशक्रियेचा मजकूर. एवढ्या माणसांच्या हातात रोज जाईल असं काही आजवर लिहिलं नव्हतं. जरा हवेत आहे, असू दे.

आईला वाचून दाखवली. लसूण सोलत होती. "बरी हाय," म्हणाली.

आवडलं की ती 'लई भारी' म्हणते. 'बरी' ऐकून जरा खट्टू झाले.

गुरुवार, ६ नोव्हें.

बोअरवाल्या शिंदेंच्या साइटवर गेले होते, नवीन घोषणेसाठी. मशीन धडधडतंय, पांढरा धुरळा नाकातोंडात. त्यांचा जुना माणूस बाहेर पडणारा खडकाचा भुगा तळहातावर घेऊन चोळत होता. मध्येच म्हणाला, "आलं आता. पाइप काढू नका." अर्ध्या तासात पाणी लागलं. मी तोंड उघडं ठेवून उभी.

त्यांच्या घोषणेत मी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलंय, 'अत्याधुनिक तंत्रज्ञान'. तळहाताबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा साइटवर गेलेच नव्हते, घरी बसून लिहिलं होतं.

येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले आणि डोक्यात आलं, डेअरी तरी मी कुठे बघितलीय? पुण्याच्या एजन्सीने पाठवलेला व्हिडिओ बघितला. स्टीलच्या नळ्या, निळे दिवे, एकही माणूस नाही. त्यावरून ओळ.

गुं. ना फोन केला. "या की, सोमवारी. सकाळी सातला या, गाड्या तेव्हाच येतात."

सोमवार, १० नोव्हें.

काय बघितलं आज! 

दूध उतरवायच्या डॉकवर टेम्पो लागलेले. पठारावरून, नदीकाठून, कुठून कुठून आलेले कॅन रुळांवर गडगडत पुढे सरकतात. थंडीत त्यांच्यातून वाफ निघत होती. रुळांच्या मधोमध एक ठेंगणा माणूस, पांढरी टोपी, रबरी बूट. रंगनाथमामा. कॅन समोर आला की झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, ठेवायचं. पुढचा. एका कॅनला दोन सेकंद नसतील.

शेजारी उभी राहिले. मामा माझ्याकडे न बघता बोलत होते.

"ह्याला कांद्याची पात घातली काल." पुढचं झाकण. "हा मोटरसायकलवर आला, पेट्रोल सांडलंय पिशवीत कुठंतरी." पुढचं. "ह्या घरात म्हातारी आजारी दिसती, भांडं दुसऱ्याच बाईनं घासलंय."

शेवटचं मला थाप वाटली. टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, त्यांच्या आजीला दवाखान्यात ठिवलंय परवापासून."

एका कॅनपाशी मामा थांबले. पळीने थेंबभर तळहातावर घेतलं, जिभेला लावलं, बाजूला थुंकले. मग कानावरचा खडू काढला आणि झाकणावर फुली मारली. कॅन बाजूला.

"फुली म्हणजे?"

"दगडी. गायीची कास धरलीय. दूध खारट लागतं. झाकण माघारी गेलं की ते बघत्यात आन् डाक्टर बोलवत्यात."

गोल म्हणजे कॅन नीट धुवा. आडवी रेघ म्हणजे चारा बदला. फुली म्हणजे डॉक्टर. तेहतीस वर्षं या तीनच खुणा, आणि चाळीस-पन्नास गावांना त्या वाचता येतात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही. मी ओळी विकून पोट भरते आणि यांचा मजकूर माझ्याहून छोटा, वाचक माझ्याहून जास्त, शिवाय वाचून माणूस लगेच उठून कामाला लागतो. माझं कुठलं पत्रक वाचून कोण उठलंय?

दूध तपासणाऱ्या नव्या मशीनबद्दल विचारलं. वाटलं नावं ठेवतील.

"यंत्र बरं हाय, ताई. दुधातलं पानी मला कधी नीट कळलं न्हाई. त्याला लगेच कळतं."

"मग तुम्हाला काय कळतं?"

थोडा विचार करून म्हणाले, "घर कळतं. कॅनाबरुबर घर येतं."

मंगळवार, ११

काल गुं. च्या केबिनमध्ये घडलं ते काल लिहिलं नाही. लिहायची हिंमत झाली नाही म्हणू.

चहा घेताना मी मामांचं कौतुक करत सुटले होते. गुं. हसले. "हां, पण आता महिनाअखेर त्यांना गेटवर घेतोय. दूध घालणाऱ्यांची पासबुकं तपासायला."

का?

"तुमच्यामुळंच की मॅडम! पिशवीवर 'हात न लागलेलं' छापल्यावर डॉकवर हात दिसून कसं चालेल? आजकाल कोणीपण व्हिडिओ काढतं. संचालक म्हणाले, ओळ खरी करायची तर माणूस काढा."

सहज बोलले. वाईट माणूस नाही. माझी ओळ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली, एवढंच.

पिशवीच्या छपाईचा सिलेंडर सोमवारी, १७ ला, कोरायला जाणार. एकदा कोरला की दोन वर्षं तरी तीच ओळ. आणि मामा गेटवर.

शब्दांत ताकद असते वगैरे मी क्लासवाल्यांच्या पत्रकात दरवर्षी लिहिते. खरंच असते हे काल कळलं आणि भीती वाटली.

गुरुवार, १३

आईला आज सगळं सांगितलं. मामा, झाकण, तीन खुणा. फुलीपाशी आले तर तिच्या हातातली परात खाली.

"खडूची फुली? झाकनावर?"

मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"पठारावर आपली खालची वस्ती. पाच घरं, पाच गायी, एक कॅन. गावच्या डेअरीत आपलं कॅन येगळं ठिवायचे. गावाच्या दुधात मिसळायचे न्हाईत. तू लहान हुतीस, तुला कशाला सांगायचं. एकदा झाकण माघारी आलं, वर फुली. गाव म्हनलं, बघा, ह्यांचं दूध खाली संगमनेरातपन नगं. पन टेम्पोवाला म्हनला, तसं न्हाई, फुली म्हंजी गाय आजारी. डाक्टर आनला. आपलीच तांबडी निघाली. दोन दिस गेले असते तर कासेचा सड गेला असता. तांबडी राहिली म्हनून तू बारावीला संगमनेरात राहिलीस."

"कोण काढायचं फुली?"

"कुनाला ठावं. आमी बाया म्हनायचो, खाली कुनीतरी हाय, त्याला आपली गाय दिसती."

 आयुष्यभर ज्या तांबडीच्या गोष्टी ऐकल्या तिच्या मागे एक खडू होता.

मग विचारलंच. त्या दिवशी माझी ओळ नुसती 'बरी' का?

आई पुन्हा परात घेऊन बसली. "कुनाचाबी हात न लागलेलं. मला वाटलं, आपलाच हात म्हनतीय का काय ही."

वैशाखी पौर्णिमेला जन्मले म्हणून आईने नाव सुजाता ठेवलं. बुद्धांना खीर देणारीचं नाव. आणि माझ्या हातून हे लिहून जावं! व्हिडिओवरून उचललं, कानाला गोड लागलं, दिलं. ज्या घराचं कॅन वेगळं ठेवत त्याच घरातल्या मुलीने. लाज वाटली.

शनिवार, १५

गुं. कडे गेले. ओळ मागे घेते म्हटलं.

"मॅडम, संचालकांसमोर मीच टाळ्या घेतल्या तुमच्या ओळीवर. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" तरी पुढे म्हणाले, "दुसरी द्या. बघतो."

दिली: 'झाकण उघडून, वास घेऊन, मगच.'

गुं. नी कपाळाला हात लावला. "दुधाच्या पिशवीवर 'वास'? गिऱ्हाईक दुकानातच ठेवून जाईल!"

बरोबर आहे त्यांचं. धंद्यातलं मला कळायला हवं होतं.

दुपारभर बसले. सोळा ओळी खोडल्या. सतरावी: 'घरोघरचं दूध, माणसाने पारखलेलं.' गुं. म्हणाले, चालेल, पण ठरवणार संचालक.

खरं लिहायचं तर जुनी ओळ जास्त चांगली आहे. छोटी, जिभेवर बसणारी. नवीन खरी आहे, पण तिला तशी चमक नाही. चांगली ओळ खोटी निघाली की काय करायचं हे कुठल्या गिऱ्हाइकाने शिकवलं नाही.

रविवार, १६

आई म्हणाली, मला बघायचाय तो मानूस. नवं लुगडं, डोक्यावरून पदर, सकाळी साडेसहाला तयार. स्कूटीवर मागे एका बाजूला बसली, पूर्ण रस्ताभर माझा खांदा घट्ट धरून.

डॉकवर कॅन संपत आले होते. आईने सवयीने "जय भीम" केला. मामांनी रुळावरचा हात काढून "जय भीम" तसाच परत दिला.

"फुली तुमी काढायचे?"

"व्हय."

"पठारावरच्या खालच्या वस्तीचं कॅन यायचं. येगळं. लई वर्सं झाली. पाच गायींचं."

मी मनात म्हणत होते, आई, कसं आठवेल त्यांना? तेहतीस वर्षं, रोजचे शेकड्यांनी कॅन.

मामांनी डोळे मिटले. नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "टोपण जरा चेपलेलं. शेवग्याचा पाला घालायचे का तुमी?"

आई खालीच बसली. डॉकच्या ओल्या फरशीवर, नव्या लुगड्यानिशी. आमच्या वस्तीला चारा नसायचा. बांधावरचा शेवगा ओरबाडून गायींना घालायचे. हे मलाही माहीत नव्हतं.

"गावात येगळं ठिवायचे आमचं," आई म्हणाली.

मामा म्हणाले, "हितं आल्यावर एकच टाकी, बाई. म्या झाकण बघितलं, दूध बघितलं, वतलं. येगळं कशाला ठिवायचं?"

इतकं साधं बोलले. मी तोंड फिरवून टेम्पोच्या नंबर प्लेटा वाचत बसले, रडू दिसू नये म्हणून.

गेटवर घालणार आहेत हे त्यांना ठाऊक आहे. तक्रार नाही. एवढंच म्हणाले, "गेटवर कागदाचा वास येतो नुसता." ओळ माझी आहे हे त्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते हसले. "ताई, तुमी बघितलंच न्हवतं, त्याला काय." राग धरला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १७ नोव्हें.

सकाळी गुं. चा मेसेज: संचालक विचारतात, जुन्या ओळीत चूक काय ते दुपारपर्यंत लेखी द्या. नाहीतर जुनीच कोरायला जाईल. गाडी चारला निघते.

लेखी. म्हणजे आता हे लिहिण्यावरच आलं.

पहिलं पत्र दोन पानी. आई, वेगळं कॅन, तांबडी, सगळं. वाचलं आणि फाडलं. माझ्या आईचं कॅन मी संचालकांच्या टेबलावर दयेसाठी का ठेवू? दुसरं पत्र कायदेशीर थाटाचं. 'ग्राहकांची दिशाभूल.' ते गुं. च्याही गळी उतरलं नसतं. तिसरं निम्म्यात सोडलं.

दोन वाजले. समोर पिशवीचा नमुना, निळ्या अक्षरांत माझे पाच शब्द. सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू.

मग सुचलं. संचालक मंडळातला एकेक जण गोठ्यातून वर आलाय. परत आलेलं झाकण प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी आलेलं असणार. पाटीवरचा पांढरा खडू कागदावर उमटेना, म्हणून जाड मार्कर घेतला आणि माझ्या ओळीवर एक फुली मारली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खाली नवी ओळ लिहिली, आणि तिच्याखाली: 'जुनी बाजूला काढा. लिहिणारीने डॉक न बघता लिहिली होती. सुजाता.'

फोटो काढून पाठवला. नऊ वर्षांत एवढं छोटं कधी लिहिलं नव्हतं.

गुं. नी बघितलाय. त्यानंतर मला एकदाच त्यांचा फोन येऊन कट झाला, मी लावला तर व्यस्त. आता साडेतीन. पुढच्या महिन्यापासून डेअरीचं काम मला मिळेल की नाही तेही माहीत नाही. त्याचं विशेष काही वाटत नाही, याचंच नवल वाटतंय.

 फोटो पाठवून एकच तास झालाय. मला तो अडीच तासांचा वाटला.

आई चहा टाकतेय. डेअरीची पिशवी तिने कोपऱ्यात कापली, पातेल्यात ओतण्याआधी नाकाशी धरली आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"काय आलं?" मी विचारलं.

"थांब की जरा," म्हणाली.