शिशाच्या एप्रनची घडी

३ तारीख, सोमवार

आणि वर तोंड करून मलाच विचारतो, बिल्ला तुम्हाला कशाला? एक्स-रे काढणारा तो दीडशहाणा! स्वतःच्या छातीवर बिल्ला – अंगाला किती किरणं लागली ते त्यात उतरतं, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. डॉक्टरीणबाईंना बिल्ला. दोन भिंतींपलीकडे पावत्या फाडणाऱ्यालासुद्धा! आणि रडणारी पोरं, थरथरणारे म्हातारे मशीनखाली धरून कोण उभं राहतं? मी. अकरा वर्षं. अंगावर तो एक शिशाचा एप्रन, बस्स.

म्हणे तुम्ही मदतनीस, यादीत बसत नाही. म्हटलं, मशीनला यादी वाचता येते का? 

४ तारीख, मंगळवार

घरी दुसरं सोंग. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, महिनाभर रजा, आणि जावयाने जुना कॉम्प्युटर आणून दिलाय. त्यात खेळ. सगळं जग जळून गेलंय, जिथे तिथे रेडिएशन, आणि आमचे हे कचऱ्यात डबे शोधत फिरतात. घरात स्वतःचा टॉवेल सापडत नाही! खेळात एक मीटर आहे, कर्रर्र करतो. कर्रर्र वाढलं की गोळी घ्यायची. खोट्या माणसाला गोळी वेळेवर. स्वतःची रक्तदाबाची मात्र मी हातावर ठेवीन तेव्हा.

६ तारीख, गुरुवार

आज हे तीनदा मेले. म्हणजे खेळात. नवाकोरा पिवळा सूट चढवून मोडक्या कारखान्यात शिरले आणि तिथेच आडवे. मी हसले तर मास्तर होऊन शिकवायला लागले – सूट झिजतो, आपटून-दुमडून आतून जातो, त्याचा आकडा बघायचा राहिला.

"अगं, वरून नवाच दिसतो. तपासल्याशिवाय कळत नाही."

मोठे आले! पण हातातला घास हातातच राहिला. आमचा एप्रन कोणी कधी तपासलाय?

८ तारीख, शनिवार

विचारलं. एक्स-रेवाला हसला. खेळाचं सांगितलं तर पोट धरून हसला. काकू आता खेळ बघून दवाखाना चालवणार म्हणे. म्हटलं, हसून झालं की एप्रन टेबलावर टाक आणि त्याचाच एक्स-रे काढ. नाही काढलास तर परवापासून पोरं तूच धर.

काढला. हसू मावळलं.

पडद्यावर शिसं पांढरं दिसतं. त्या पांढऱ्यावर काळ्या रेघा. उभी एक, आडव्या दोन. एक तर बरोबर पोटावरून. शिसं आतून चिरलेलं – आणि वरून कापड कसं धड!

९ तारीख, रविवार

रेघा जिथे, तिथे माझ्या घड्या.

रोज संध्याकाळी एप्रन पुसायचा, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची, कपाटात ठेवायचा. माझ्या आधीची मावशी कसाही खुंटीला अडकवायची, तर मी तिला गबाळी म्हणायची! शिसं दुमडायचं नसतं, टांगायचं असतं, असं एक्स-रेवाला काल म्हणाला. काल! इतकी वर्षं काकूंची घडी म्हणजे इस्त्री म्हणून कौतुक करत होता गाढव.

नवऱ्याला सांगितलं. त्यांनी खेळ बंद केला, आपणहून.

"तो एप्रन तू एकटीच घालतेस का?"

नाही. पोर आईला सोडत नसेल तर एप्रन आईला. मी दाराबाहेर.

ताट वाढते म्हणून उठले. 

१० तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. बसायला खुर्ची! अकरा वर्षांत पहिल्यांदा. नवीन एप्रन मागवलाय म्हणाल्या. तुमचं नाव यादीत घातलं, हा घ्या बिल्ला. गोड बोलत होत्या. मग हळूच –

"घडी तुम्हीच घालत होता ना? मग हे आपल्यातच राहू द्या. तुमच्याच भल्यासाठी."

म्हणजे तोंड बंद ठेवायचा खाऊ. मी मुकाट्याने बिल्ला लावला. स्वतःची चीड आली, पण लावला.

११ तारीख, मंगळवार

गेले परत बाईंकडे. बसले नाही. म्हटलं, हो, घडी मी घातली, तसं लिहून घ्या. शिकवलं कोणी नाही, तेही लिहा. पण त्या आयांमध्ये गरोदर बायका होत्या. एप्रन आहे ना, मग काळजी नाही, असं सांगून मीच त्यांना आत सोडलं. तिघींचे चेहरे मला आठवतात, नावं रजिस्टरात आहेत. त्यांना कोण सांगणार, ते शुक्रवारी दुपारपर्यंत मला सांगा. नाहीतर शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहते.